पथ्याची कालवं

एकोणीसशे त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी माझ्या थोरल्या भाऊजींना तळलेली सुरमई घालून मारायला निघाले होते. आमच्या घरात आणि निम्म्या आडबंदरात ही गोष्ट आजही अशीच सांगतात. घरात नवी सून आली की पहिल्या आठवड्यातच तिच्या कानावर घातली जाते. मी कधी हरकत घेतली नाही. आता सत्तरी ओलांडली आणि ज्यांच्यासाठी गप्प बसायचं होतं ती माणसं राहिली नाहीत, तेव्हा झालं ते सांगते.

त्या दुपारी जेवायला पाहुणे होते आणि मी खरंच सुरमई तळत होते. तव्यावर तुकड्या चांगल्या लालसर होत आल्या होत्या, तेवढ्यात मागच्या दारात सावली पडली.

"हिरा."

"नाही."

"अगो, मी अजून काय विचारूकच नाय!"

"तुम्ही काय विचारणार ते मला ठाऊक आहे, भाऊजी. नाही."

भाऊजी उंबऱ्यावर टेकले. माझ्या नवऱ्याचे हे थोरले भाऊ, जनार्दन कुबल. पन्नाशीला आलेले, अंगाने बारीक, बोटांना इंजिनाचं काळं तेल कायमचं चिकटलेलं. मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "इंजिन बिघडला तर उघडून बघता येता. बायल बिघडली तर काय करू?"

"मी खाणार नाय. नुसतो वास घेतंय," ते म्हणाले. "वासाक पथ्य नाय मा?"

"आक्कांना विचारते."

"मगे नको." आणि त्यांनी डोळे मिटून एवढा मोठा श्वास ओढला की मला हसू आवरेना. "सुरमई तळूक शिकलंस हा गो. घाटावरून इलंस तेवा तुका बांगडो खयचो नि पेडवो खयचो ता कळत नव्हता."

ते खरंच होतं. मी राधानगरीकडची. तिथल्या शाळेत मास्तरीण होते आणि रोज ज्या एसटीने जायचे तिचे कंडक्टर आमचे हे. पुढचं सांगत बसत नाही. लग्न होऊन समुद्राकाठी आले तेव्हा जरा थोराडच होते, आणि माशातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. घरात मी 'घाटावरची', मग मी कितीही बांगडे साफ करीना का.

भाऊजींना दोनेक वर्षांपूर्वी जबरदस्त कावीळ झाली होती. ती गेली, पण जाताना लिव्हर घेऊन गेली. पाय सुजायचे, डोळे पिवळट दिसायचे, इंजिनावर दोनदा पाना फिरवला की धाप लागायची. थंडीत ह्यांनी त्यांना कोल्हापूरला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर निबर होत चाललंय, औषध फारसं नाही, पथ्य हेच औषध. तेल, तूप, तिखट, तळण आणि दारू बंद.

"दारू मी पियतच नाय," भाऊजी घरी येऊन सांगत होते. "आता सोडूक तरी काय तरी होया म्हणान पिवक सुरुवात केली असतंय, तर डाक्टर आधीच नको म्हणालो."

पथ्याचा कायदा कोल्हापूरचा, पण अंमल आक्कांचा होता. आक्का म्हणजे ह्या दोघा भावांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. भाऊजी तीन-चार वर्षांचे होते तेव्हा आई गेली, आमचे हे तर पाळण्यातच. दोघांना आक्कांनी वाढवलं. कपाळ मोकळं, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाला वाटावं आपल्यालाच हाक मारली. डॉक्टरांनी पाच गोष्टी बंद केल्या होत्या, आक्कांनी स्वतःच्या अखत्यारीत खोबरं, चिंच, कांदा आणि पावट्याची उसळ त्यात वाढवली. भाऊजींच्या ताटात पेज, मुगाचं कढण आणि उकडलेला दुधी यांखेरीज काही दिसेना. मासा तर लांबच. आम्ही मासे खायला बसलो की त्यांना पुढच्या ओटीवर पिटाळत.

पण मालवणी माणसाला समुद्राचं काहीच न देता किती दिवस ठेवणार? आक्कांचाही जीव तुटायचा. पाडव्यानंतर एके दिवशी त्यांना युक्ती सुचली.

आमच्या घरामागे खाडी. पाणी उतरलं, म्हणजे तिकडच्या बोलीत सुकती लागली, की खडक उघडे पडत आणि त्यांना चिकटलेली कालवं दिसत. कालव म्हणजे दगडासारख्या दोन शिंपांत बसलेला मऊ लिबलिबीत जीव. आक्का गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून छोट्या हातोडीने शिंपा फोडत. एरवी त्या कालवांचं मसालेदार सुकं होई. पण आक्कांनी विचार केला आणि मला ऐकवला.

"तेल नाय. तिखट नाय. खोबरा नाय. विस्तव सुद्धा नाय! दर्यात्सून सरळ पोटात. ह्याच्यापरास पथ्याचा आणि काय असतला, तूच सांग. तू शिकलेली मा?"

मी काय सांगणार! मला ती कच्ची कालवं बघूनच शहारे येत. मी म्हटलं, "आक्का, पण कच्चं..."

"कच्चा नाय तर! काकडी कच्ची खातस ती?"

काकडीपुढे माझं काही चाललं नाही. शिवाय आक्का स्वतः लहानपणापासून खडकावरून काढलेलं पहिलं कालव तिथल्या तिथे तोंडात टाकत आल्या होत्या, आणि त्यांना सर्दीसुद्धा कधी झालेली कोणी पाहिली नव्हती. तेव्हापासून सुकती साधली की भाऊजींना वाटीभर कालवं, वर लिंबू. भाऊजी खूश. मला मुद्दाम समोर उभं करून खात.

"हिरा, ह्या बघ, तुका बघून हसता!"

मी तोंड फिरवायचे, मग दोघं भावंडं हसायची. घाटावरच्या सुनेची चेष्टा करण्यात त्यांचं फार एकमत.

तर त्या दुपारी भाऊजी वास घेऊन पोट भरत होते आणि मी तव्याला पाठीशी घालून उभी होते, तेवढ्यात आक्का खाडीवरून आल्या. पाण्यात भिजलेला काष्टा, हातात टोपली.

"जन्या! चुलीकडे काय करतंस?"

"हिराक विचारी होतंय, पावणे किती."

"पावणे किती ता तुका कित्याक? तू जेवूक वाढतलंस?" आक्कांनी तव्याकडे पाहिलं, मनातल्या मनात तुकड्या मोजल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हेका दिलंस काय गो?"

"नाही हो, आक्का."

"बघ हां. ह्यो लाडीगोडी लावतलो. तू घाटावरची, भोळी."

मग त्यांनी टोपलीतली कालवं सोलली, वाटीत घातली, लिंबू पिळलं. भाऊजींनी ती मागच्या पडवीत बसून खाल्ली, पण डोळे माझ्या तव्यावर. मी दिली नाही. द्यावीशी फार वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उठले नाहीत. जाऊन बघते तर गोधडी दोनदा गुंडाळून घेतलेली आणि खाट हलत होती इतकी हुडहुडी भरलेली. मे महिन्यात! कपाळ तव्यासारखं तापलं होतं. आक्का पायाला तेल चोळायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला. डाव्या पोटरीवर जांभळा डाग होता, तळहाताएवढा. दुपारपर्यंत त्यावर फोड आले, काळसर पाण्याने भरलेले, आणि शेजारी दुसरा डाग उमटला. भाऊजी दात आवळून पडले होते. पायाला चादर लागली तरी ओरडत.

डॉक्टर मोंडकर सायकलवरून आले. भला माणूस. त्यांनी आधी तेच विचारलं जे कोणीही विचारील.

"पथ्य पाळलं होतं?"

"डाक्टरानु," आक्का म्हणाल्या, "माझ्या घरातलो देव पारोसो रवलो असतलो, पण ह्याचा पथ्य चुकूक नाय."

डॉक्टरांनी पाय पाहिला, नाडी धरली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "रक्तदाब खाली चाललाय. हे माझ्या आवाक्यातलं नाही. गोव्याला न्या, मोठ्या इस्पितळात. आत्ता, लगेच."

आमचे हे ड्युटीवर होते. मी शेजारच्या पास्कू फर्नांडिसला हाक मारली. त्याची एक जुनी टॅक्सी होती, जी गावात आवाजावरून ओळखत. भाऊजींना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आक्कांच्या मांडीवर, पाय माझ्या.

गाडी सुरू झाली तसे भाऊजींनी डोळे उघडले. "पास्कू. तुझो तिसरो सिलिंडर नीट मारना नाय."

"जनूबाब, तू गप पड रे. बरो जालो की मार तुका होयो तो सिलिंडर."

"नोझल बघ. नोझल."

तापात ते गाडीच्या प्रत्येक धक्क्यावर काहीतरी सांगत राहिले. क्लच घासतो, गिअर अडकतो, ह्या मनुष्याला गाडी कोणी दिली. पास्कू रडकुंडीला येऊन म्हणाला, "वयनी, ह्यो मरणार नाय. मरणारो माणूस इतके दोष काढीना." आम्ही हसलो. आक्कासुद्धा.

पण बांद्याच्या पुढे गाडीने लागोपाठ आचके दिले, इंजिन बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि भाऊजी काहीच बोलले नाहीत. पास्कूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर गाडीत कोणी हसलं नाही.

आक्का मात्र हळूहळू पुटपुटत होत्या. "कशान झाला ह्या? माझा खय चुकला? मुगात तेल गेला काय? दुधी निबर होतो काय?" एकेक पदार्थ आठवून त्या स्वतःची झडती घेत होत्या. मी त्यांचा हात धरला, तर तो सोडवून घेऊन त्या बोटांवर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

इस्पितळात डॉक्टर केंकरे नावाचे तरुण गृहस्थ होते. बाह्या दुमडलेल्या, दाढी वाढलेली. त्यांनी पाय पाहताच दोन बाटल्या लावायला सांगितल्या आणि तिथेच उभं राहून विचारायला लागले.

"लिव्हरचा आजार आहे?"

"आहे," मी म्हटलं. "काविळीनंतर."

"जखम झाली होती? समुद्रात उतरले होते?"

"उतरूक बळ खय आसा?" आक्का म्हणाल्या.

"खाण्यात काय होतं?"

आक्का सरसावून बसल्या. "सकाळी पेज. दुपारी मऊ भात, मुगाचा कढण. रात्री पेज. तेल नाय, तिखट नाय, खोबरा नाय. हळद सुद्धा नखाएवढी."

"मासे?"

"मासे!" आक्कांना तो अपमानच वाटला. "ह्याच्या ताटात काटो पडूक नाय डाक्टरानु, तुमच्या गळ्याशपथ!"

डॉक्टर लिहीत होते. मी वाट बघत होते, आक्का आता कालवांचं सांगतील. त्या सांगेनात. लपवत नव्हत्या हो! त्यांच्या हिशेबी ते जेवण नव्हतं, मासळीही नव्हती. देवळातून आल्यावर तुम्ही जेवणाच्या यादीत तीर्थ सांगता का, तसं. मी घाटावरची, मला मात्र ती वाटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"आणि कालवं," मी म्हटलं.

"ती कसली खाण्यात धरतंस?" आक्का माझ्यावर खेकसल्या. "ता पथ्य!"

डॉक्टरांनी मान वर केली. "कालवं? कशी दिली? उकडून?"

"उकडून कित्याक? उकडल्यार सत्त्व जाता."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. आवाज न चढवता त्यांनी नर्सला दोन इंजेक्शनांची नावं सांगितली, ती पळतच गेली. मग ते आक्कांकडे वळले. "मावशी, ह्यांना शुद्ध आली की पेज लागेल. इथल्या कँटीनवाल्याला पथ्याची पेज जमत नाही. तुम्ही जरा उभ्या राहून करून घ्याल?"

असल्या कामाला आक्का नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्या पदर खोचून गेल्या. त्या जिन्यावरून उतरेपर्यंत डॉक्टर थांबले.

"समुद्राच्या पाण्यात एक जंतू असतो," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी तापलं की फार वाढतो. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांच्यात साठतो. धडधाकट माणसाला बहुतेकदा काही होत नाही, फार तर पोट बिघडतं. पण लिव्हर खराब असलं की तो सरळ रक्तात शिरतो. मी ह्याबद्दल वाचलंच होतं, रोगी आज पहिल्यांदा पाहतोय."

"लिंबू पिळलं होतं," मी उगाचच म्हटलं.

"लिंबाने मरत नाही. चांगलं उकळलं असतं तर मेला असता."

"आणि... तळलेला मासा दिला असता तर?"

"तर थोडं तेल पोटात गेलं असतं." ते थकल्यासारखे हसले. "त्याने हे झालं नसतं."

"वाचतील?"

"अशातले निम्मेच वाचतात. तुम्ही कालवांचं बोललात म्हणून आता योग्य औषध तरी चालू झालं. पाय मात्र उघडावा लागेल."

माझा पदर कोणीतरी ओढला. भाऊजी जागे होते. ओठ सुकलेले, डोळे पिवळे, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हिरा. आक्काक सांगा नको."

"तुम्ही बोलू नका."

"ऐक गो. तिच्या हातान झाला ह्या तिका कळला, तर ती जगाची नाय. मी एक वेळ जगान." त्यांना धाप लागली. "माका वाढवल्यान तिणा. तिच्या पोटचो दुसरो कोण नाय."

पदर त्यांनी सोडला नाही, मी मान हलवेपर्यंत.

आक्का पेजेचा पेला घेऊन आल्या. त्यांनी तो स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे पाहिलं.

"कशान झाला ता कळला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, पण पापण्या लुकलुकत होत्या. झोपेचं सोंग त्यांना कधीच जमलं नाही. आणि आक्कांचा चेहरा! पुन्हा तीच झडती सुरू होणार होती, मूग, दुधी, हळद, आणि ह्या वेळी यादी खाडीपर्यंत पोचणार होती. मघाशी मीच तर डॉक्टरांपुढे कालवांचं नाव काढलं होतं.

"आक्का," मी म्हटलं, "मी काल त्यांना सुरमई दिली. तळलेली. एक तुकडी."

आक्कांनी पेला बाजूला सारला.

"एक?"

"एक."

"मोठी काय ल्हान?"

"मधली."

"पोटाकडची?"

मी जरा अडखळले. "हो."

"म्हणजे तेलकट. रवो लावलेलो?"

"लावलेला."

"मी विचारलंय तेवा नाय म्हणालंस!"

"तुमची भीती वाटली."

आक्का खाली बसल्या. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि तो श्वास मी अजून विसरले नाही. त्यात राग होताच, पण डोक्यावरची भरली हंडी उतरवल्यावर बाई सोडते ना, तसला तो होता. मग राग आला.

"माझ्या येवढ्या मेहनतीर तेल ओतलंस गो हिऱ्या! डाक्टरानु, ऐकलास? घाटावरची माणसां ही! ह्यांका दयामाया खय दाखवची ताच कळत नाय!"

डॉक्टर केंकरे कागदात डोकं घालून उभे होते. खोटं ते बोलले नाहीत. खरंही बोलले नाहीत. "उपचार चालू झालेत, मावशी," एवढंच म्हणाले.

पाय उघडावा लागला, पोटरीचं बरंच मांस काढावं लागलं, दोन बोटंही गेली. कित्येक दिवस भाऊजी ह्या काठावर की त्या काठावर ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आक्का खाटेशी, मी व्हरांड्यात. मला आत येऊ देत नव्हत्या. आमचे हे रजा काढून आले, त्यांनाही आधी आक्कांकडून माझा पराक्रमच ऐकायला मिळाला. ते बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "तू नाही दिलीस." मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणतात, "त्या दिवशी जेवताना तू तुकड्या मोजून वाढत होतीस, आक्काला हिशेब द्यायला." मग त्यांना सगळं सांगितलं.

एके सकाळी आक्का अंघोळीला गेल्या तशी मी आत शिरले. भाऊजी उशीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेर पास्कूची गाडी आसा मा? आवाज ऐकलंय. तिसरो सिलिंडर अजून तसोच."

तेव्हा मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक?" ते म्हणाले. "रडाचा मी. आळ येवचो तो इलोच तुझ्यार. मगे तुकडी खरीच दिलंस असतंस, तर माका तरी खावक गावली असती!"

घरी सोडताना डॉक्टरांनी आक्कांना समोर बसवून बजावलं. "ह्यांच्या पोटात जे जाईल ते खदखदून उकळलेलं. कच्चं काही नाही."

"कालवां?"

"ती तर मुळीच नाहीत. आणि ज्याचं लिव्हर खराब त्या कोणालाच कच्ची देऊ नका."

आक्का माझ्याकडे वळल्या. "बघ! तुझ्या एका तुकडीपायी बिचाऱ्याची कालवां पण बंद झाली."

पास्कूच्या वडिलांनाही कावीळ होऊन गेली होती. आक्कांनी पूर्वी त्यांनाही हा उपाय सांगून ठेवला होता, म्हणून परतीच्या वाटेवर मी पास्कूला चहाला थांबल्यावर बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. डॉक्टर मोंडकरांनाही सांगितलं. त्यांनी पुढे गावातल्या प्रत्येक काविळीच्या रोग्याला तंबी दिली. तेवढ्यापुरतं खरं मी सांडू दिलं. बाकी झाकून ठेवलं.

पास्कूने ती टॅक्सी विकली, मस्कतला गेला, आणि परत येऊन दोन मिनी बस घेतल्या. आक्कांसमोर मला मुद्दाम विचारायचा, "वयनी, आज सुरमई काय?" डॉक्टर मोंडकरांनी सायकलची स्कूटर केली, पण आडबंदरचा चढ चढताना ती ढकलतच आणायचे. डॉक्टर केंकरे पुढे पुण्याला गेले असं ऐकलं. भाऊजी काठी टेकत टेकत आणखी नऊ-दहा वर्षं जगले, खुर्चीत बसून पोरांकडून इंजिनं खोलून घेत. गेले ते लिव्हरनेच गेले, पण आपल्या खाटेवर, आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून. आमचे हे एसटीतून निवृत्त झाले आणि चारच पावसाळे घरी बसून तेही गेले.

आणि आक्का! आक्कांनी मला पुन्हा तळणाच्या तव्याला हात लावू दिला नाही. लग्नकार्यात आचाऱ्यालाही आधी सांगून ठेवत, "हिच्या हातात तेलाचा भांडा देव नको." मी भाकऱ्या करायचे. हजारो केल्या असतील.

ऐंशी ओलांडल्यावर त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मीच करत होते. शेवटच्या दिवसांत एकदा गावातल्या बायका बघायला आल्या होत्या, घर भरलं होतं. आक्कांनी मला हाक मारली. आवाज आता खाटेबाहेर जात नव्हता.

"हय ये गो, हिऱ्या. बस."

मी बसले.

"जन्याक तू तळलेला घातलंस ता मी इतकी वर्सां मनात धरून रवलंय. आता वर जाताना ओझा कित्याक? मी तुका माफ केलंय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमचे उपकार, आक्का."

"उपकार कसले!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि जमलेल्या बायकांकडे बघून सांगितलं, "एक मात्र आसा हां. दुसरी असती तर लपवल्यान असता. हिणा माझ्या तोंडार कबूल केल्यान. घाटावरची असली तरी आमची हिरा कधी खोटा बोलाची नाय."

मी पदर तोंडात कोंबला. बायकांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. तसं तेही होतंच त्यात.